३५ लाख नोकऱ्या कोणी मोजल्या?

स. न. वि. वि.

मी एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. मंदीत सरकारने खर्च वाढवला की रोजगार वाढतो, हे दरवर्षी गुणकाचं सूत्र फळ्यावर मांडून शिकवत आले. यंदा एका विद्यार्थ्याने अमेरिकेच्या २००९ च्या प्रोत्साहन कायद्याबद्दल कुठे कुठे वाचून आणलं. एका ठिकाणी म्हटलं होतं, या कायद्याने ३५ लाख नोकऱ्या मिळणार. दुसऱ्या ठिकाणी होतं, त्यापायी खासगी क्षेत्रातल्या १० लाख नोकऱ्या गेल्या. तो म्हणाला, "मॅडम, खर्च एकच आणि उत्तरं दोन, तीही उलट दिशेची. हे शास्त्र कसलं, हे तर भविष्य सांगणं झालं." वर्ग हसला. मला उत्तर सुचलं नाही. पुढच्या महिन्यात ‘सरकारी खर्चाने रोजगार वाढतो’ या विषयावर वादविवाद आहे आणि परीक्षक मीच आहे. मुलं आकडे घेऊन येणार. कोणता आकडा खरा धरू? की आकड्यांना गुणच देऊ नयेत?

— एक शिक्षिका

ताई,

ज्या प्रश्नावर तुम्ही गप्प झालात, त्यावर या विषयात आयुष्य घालवलेली माणसं आजही एकमेकांशी भांडतात. तेव्हा ते मनाला लावून घेऊ नका. मुलाचा प्रश्न रास्त आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. त्याने आणलेले दोन आकडे एकाच जातीचे नाहीत. ते कसे तयार झाले हे उलगडून दाखवलंत, तर तुमचं अर्धं काम तिथेच होईल.

३५ लाखांपासून सुरू करू. हा आकडा कुणी नोकऱ्या मोजून काढलेला नाही. त्याचा हिशेब कायदा होण्याच्या आधी मांडला गेला. जानेवारी २००९ मध्ये, ओबामांचा शपथविधीही व्हायचा होता तेव्हा, त्यांच्या आर्थिक सल्लागारांपैकी क्रिस्टिना रोमर आणि जेरेड बर्नस्टीन यांनी एक टिपण लिहिलं. साधारण ७७५ अब्ज डॉलरचा खर्च आणि करकपात गृहीत धरली, त्याला गुणक (एक डॉलर खर्चामागे एकूण उत्पादन किती डॉलरने वाढतं तो आकडा) लावला आणि २०१० च्या अखेरीस जीडीपी सुमारे ३.७ टक्क्यांनी जास्त असेल असं काढलं. मग एक ठोकताळा: जीडीपी १ टक्का वाढला की नोकऱ्या साधारण १० लाखांनी वाढतात. म्हणून नोकऱ्या सुमारे ३७ लाख. पुढे गाजलेला ३५ लाखांचा आकडा याच हिशेबाच्या घरातला. या आकड्यांत मोठी चूक असू शकते, असं त्या टिपणातच लिहिलं होतं. बातमी झाली ती आकड्याची. इशारा मागे राहिला.

त्या टिपणात एक आलेख होता, दोन रेषांचा. कायदा केला तर बेरोजगारीचा दर ८ टक्क्यांच्या आतच राहील आणि मग उतरेल. केला नाही तर ९ टक्क्यांपर्यंत जाईल. १७ फेब्रुवारी २००९ रोजी ७८७ अब्ज डॉलरच्या कायद्यावर सही झाली. त्याच महिन्यात दर ८ टक्क्यांच्या वर होता. तिजोरीतून पैसा बाहेर पडायलाही सुरुवात झाली नव्हती, तेवढ्यात आलेख चुकला होता. ऑक्टोबरमध्ये दर १० टक्क्यांवर पोचला. म्हणजे खर्च करूनसुद्धा, खर्च न करण्याच्या रेषेच्याही वर.

विरोधक म्हणाले, बघा, खर्चाने बिघडवलं. समर्थक म्हणाले, मंदीच अंदाजापेक्षा खोल होती. समर्थकांच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. २००८ च्या शेवटच्या तिमाहीत जीडीपी वार्षिक ३.८ टक्के दराने घसरला, असा पहिला सरकारी अंदाज होता. महिन्याभरात तो ६.२ झाला. २०११ मध्ये जुनी आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा ८.९ निघाला. रोगी किती आजारी आहे हेच त्या जानेवारीत कुणाला नीट ठाऊक नव्हतं.

इथे वर्गात जरा थांबा, कारण हुशार मुलंही इथेच घसरतात. मंदी खोल होती हे सिद्ध झाल्याने खर्चाचा उपयोग झाला हे सिद्ध होत नाही. अंदाजाचे दोन भाग होते: खर्च नसता तर काय झालं असतं, आणि खर्चाने त्यात किती फरक पडेल. पहिला भाग सपशेल चुकला. दुसऱ्या भागाबद्दल तो आलेख ना बाजूने बोलतो, ना विरुद्ध. त्या एका चित्रावरून गुणक बरोबर की चूक हे ठरवता येतच नाही, आणि तरी दोन्ही पक्ष वर्षानुवर्षं तेच चित्र नाचवत राहिले.

बरं, आधीचा अंदाज सोडून देऊ. पैसा खर्च झाल्यावर तरी कळलं असेल ना? अमेरिकी संसदेचं एक अर्थसंकल्प कार्यालय आहे, दोन्ही पक्ष ज्याचा मान राखतात असं. ते दर तिमाहीला अहवाल काढत होतं. २०१० च्या दुसऱ्या तिमाहीबद्दल त्यांनी लिहिलं की या कायद्यामुळे काम असलेल्या लोकांची संख्या १४ लाख ते ३३ लाखांनी जास्त आहे. वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी जाऊन पाहून आलं. तसं नव्हतं. कोणत्या खात्यात किती पैसा गेला हे त्यांनी पाहिलं आणि त्याला आधीच ठरवलेले गुणक लावले. सरकारने थेट वस्तू-सेवा विकत घेतल्या तर त्यांचा गुणक १ ते २.५ धरला होता. आता समजा, प्रत्यक्षात गुणक शून्य असता. तरीही या पद्धतीने लाखो नोकऱ्याच दिसल्या असत्या, कारण उत्तर गृहीतकात आधीच बसलेलं होतं. कार्यालयाने ही पद्धत लपवली नाही, अहवालात ती लिहिलेली असायची. पण अहवाल किती जण वाचतात?

हे मला पोटतिडकीने सांगावंसं वाटतं, कारण मी स्वतः काही काळ अशा कामात होतो. एका प्रकल्पामुळे किती रोजगार होईल, याचा तक्ता भरायचा होता. गुणकाचा आकडा कुठून घ्यायचा असं विचारलं, तर उत्तर आलं, मागच्या अहवालातून. मागच्या अहवालात पाहिलं, तर तो त्याच्याही मागच्या अहवालातून आलेला. त्या साखळीच्या टोकापर्यंत मी पोचलो नाही, आणि तक्ता भरला. त्यात कुणाची लबाडी नव्हती. पण तो कागद पुढे छापून आला, तेव्हा लोकांनी तो मोजणी म्हणून वाचला. ते आजही मला खटकतं.

मोजणीचाही प्रयत्न झाला. ज्यांना पैसा मिळाला त्यांनीच किती नोकऱ्या झाल्या ते कळवायचं, अशी त्या कायद्यात अट होती. २००९ च्या ऑक्टोबरअखेर बेरीज आली सुमारे ६ लाख ४० हजार. लगेच चुका बाहेर पडल्या. काही नोंदी अशा मतदारसंघांच्या नावावर होत्या, जे अस्तित्वातच नव्हते. सरकारी लेखापरीक्षकांना जवळपास ४ हजार नोंदी अशा सापडल्या, ज्यांत एक डॉलरही मिळाल्याची वा खर्च झाल्याची नोंद नव्हती, पण नोकऱ्या मात्र ५० हजारांहून जास्त दाखवलेल्या. डिसेंबरमध्ये नियम बदलला: ‘वाचलेल्या’ नोकरीचा प्रश्नच काढून टाकला आणि या पैशातून पगार मिळालेले कामाचे तास मोजायचं ठरलं. हिशेब स्वच्छ झाला, पण प्रश्नाचं उत्तर काही त्यातून मिळत नाही. ज्या गवंड्याला हा पगार मिळाला, त्याला एरवी दुसरीकडे काम मिळालं असतं का, हे तासांच्या नोंदीत दिसत नाही. आणि त्याने पगार बाजारात खर्च केल्यामुळे ज्या दुकानदाराची माणसं कामावर टिकली, तीही त्यात दिसत नाहीत. अशी मोजणी एका बाजूने फुगते, दुसऱ्या बाजूने आटते.

आता उरतो तो खरा मार्ग: घडून गेलेल्या गोष्टींची तुलना. जिथे जास्त पैसा गेला तिथे रोजगार जास्त वाढला का? वाटतं तितकं हे सरळ नाही. पाणी तुंबतं तिथेच पंप लावतात. पंपांची संख्या आणि तुंबलेलं पाणी यांचा आलेख काढलात तर दिसेल की जास्त पंप तिथे जास्त पाणी, आणि कुणी म्हणेल की पंपांमुळेच पाणी तुंबतं. सरकारी पैशाचं तसंच आहे. जिथे बेरोजगारी जास्त, तिथे तो जास्त जातो. म्हणून संशोधक असा पैसा शोधतात, जो गरज पाहून गेलेला नाही.

या शोधाचं एक उदाहरण मला फार आवडतं, आणि मुलांनाही ते आवडेल. अमेरिकेत गरिबांच्या आरोग्य योजनेचा खर्च केंद्र आणि राज्यं वाटून घेतात. २००९ च्या कायद्याने केंद्राचा वाटा वाढवला. त्यामुळे ज्या राज्यांची ही योजना मंदीच्या आधीपासूनच मोठी होती, त्यांना आपसूक जास्त पैसा मिळाला. मंदी तिथे किती बसली याच्याशी त्या भागाचा संबंध नव्हता. गेब्रिएल चोडोरो-राइक आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी नेमका तेवढाच भाग वेगळा काढला आणि राज्यांची तुलना केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: दर १ लाख डॉलरमागे ३.८ नोकरी-वर्षं, आणि त्यातली बहुतेक सरकारी, आरोग्य आणि शिक्षण क्षेत्रांच्या बाहेरची.

‘नोकरी-वर्ष’ हा शब्द मुलांकडून घोटून घ्या. एका माणसाला एक वर्ष काम म्हणजे एक नोकरी-वर्ष. तोच माणूस त्याच जागी तीन वर्षं राहिला तर तीन. वर्तमानपत्रात या दोन्हींना ‘नोकरी’ म्हणतात आणि तिथून अनर्थ होतो. कुणी ७८७ अब्जांना ३५ लाखांनी भागतो आणि एका नोकरीला सव्वादोन लाख डॉलर लागले म्हणून ओरडतो. त्या रकमेत करकपात होती, बेरोजगार भत्ता होता, वर्षानुवर्षं टिकणारे रस्ते होते, हे त्या भागाकारात हरवतं.

याच सुमारास डॅनियल विल्सन यांनी, पैसा वाटण्याच्या वेगवेगळ्या ठरीव सूत्रांचा आधार घेऊन, पहिल्या वर्षात सुमारे २० लाख नोकऱ्या असा अंदाज काढला. त्यांच्या हिशेबात एका नोकरीमागे १ लाख २५ हजार डॉलर लागले. पुढे मात्र हा परिणाम ओसरत गेलेला दिसला. आणि तुमच्या विद्यार्थ्याने आणलेला दुसरा आकडा टिमोथी कॉन्ली आणि बिल डुपॉर यांच्या २०११ च्या मसुद्यातला दिसतो: सुमारे साडेचार लाख सरकारी नोकऱ्या वाचल्या किंवा झाल्या, पण खासगी क्षेत्रातल्या सुमारे १० लाख गेल्या किंवा होता होता राहिल्या. मुलाने बहुधा इथवरच वाचलं. त्याच मसुद्याच्या सारांशात पुढे लिहिलंय की प्रतिमानाची, म्हणजे गणिती मॉडेलची, मांडणी बदलून पाहिली, तर कायद्याला सर्वांत अनुकूल मांडणीत निव्वळ ६ लाख ५९ हजार नोकऱ्या वाढलेल्या निघतात. माणसं तीच, माहिती तीच, फक्त मांडणी बदलली आणि उत्तराचं चिन्हच पालटलं. ‘१० लाख नोकऱ्या गेल्या’ एवढंच उचलणाऱ्याने त्या संशोधकांवरही अन्याय केला.

राज्याराज्यांच्या तुलनेला आणखी एक मर्यादा आहे, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. एका राज्यात जास्त खर्च झाला म्हणून मध्यवर्ती बँक त्या एका राज्यापुरता व्याजदर वाढवत नाही. तो पैसा फेडायला लागणारा करही साऱ्या देशावर पडतो. एमी नाकामुरा आणि जॉन स्टाइनसन यांनी संरक्षण खर्चावरून राज्यांचा गुणक सुमारे १.५ काढला, पण हा दुसऱ्या राज्यांच्या तुलनेतला गुणक आहे, अख्ख्या देशाचा नव्हे, हे त्यांनी स्वतःच बजावून सांगितलं. देशाचा गुणक यापेक्षा कमी असू शकतो, आणि व्याजदर शून्याला टेकलेले असतील तर जास्तही. राज्यांच्या तुलनेतून थेट देशाच्या नोकऱ्यांवर उडी मारणारा आकडा दिसला की तिथेच बोट ठेवा.

एक गोष्ट तुमच्या फळ्याबद्दल. रागावू नका. पाठ्यपुस्तकातलं सूत्र घ्या: सीमांत उपभोग प्रवृत्ती, म्हणजे वाढीव मिळकतीतला जो हिस्सा माणसं खर्च करतात तो, ०.६ असेल तर गुणक २.५, ०.८ असेल तर थेट ५. १९३१ मध्ये रिचर्ड कान यांनी सार्वजनिक कामांवरच्या रोजगाराचा हिशेब मांडला, तेव्हापासूनची ही कल्पना मोलाची आहे. पण नुसतं सूत्र शिकवलं, तर ५ हा आकडा खरोखर कुठेतरी मिळतो असं मुलांना वाटतं. कर, आयात, व्याजदर, किमती, हे सगळं लक्षात घेतलं की चित्र बदलतं. या विषयात व्हॅलेरी रेमी यांचा अधिकार मोठा आहे. त्यांनी २०१९ मध्ये आढावा घेतला, तेव्हा सरकारी खरेदीच्या सरासरी गुणकाचे बहुतेक अंदाज ०.६ ते १ च्या दरम्यान निघाले. आणि ०.६ म्हणजे नुकसान नव्हे. सरकारने १०० खर्च केले, एकूण उत्पादन ६० ने वाढलं, खासगी खर्च ४० ने आटला. रोजगार तरीही वाढतो, फक्त २.५ चं सूत्र सांगतं त्याच्या पाव हिश्शाने वगैरे. हे न सांगता आपण मुलांना वर्गाबाहेर पाठवतो. मग त्यांना पहिला उलटा आकडा भेटतो आणि सगळाच डोलारा कोसळतो.

आता ‘भविष्य सांगणं’ या आक्षेपाकडे वळू. त्या मुलाला नाणेनिधीची गोष्ट सांगा. २०१० नंतर युरोपातल्या अनेक सरकारांनी खर्च कापला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने या कपातीचा फटका किती बसेल याचे अंदाज बांधले होते, आणि वाढीचे आकडे पुन्हा पुन्हा त्या अंदाजाखाली येत राहिले. तेव्हा निधीचेच मुख्य अर्थतज्ज्ञ ओलिव्हिए ब्लांशार आणि डॅनियल ली यांनी आपल्याच संस्थेच्या चुका तपासायला घेतल्या. जिथे कपात जास्त ठरवली होती, तिथेच अंदाज जास्त चुकला होता. ऑक्टोबर २०१२ च्या अहवालात त्यांनी छापलं की अंदाजांमागे गुणक साधारण ०.५ धरला गेला होता, प्रत्यक्षात तो ०.९ ते १.७ असावा. त्या चुकीची किंमत काम गेलेल्या माणसांनी मोजली होती, म्हणून ती हलकी नव्हे. पण चूक कुठे, किती आणि कोणत्या दिशेला झाली हे आकड्यांनीच दाखवलं, आणि ज्यांची चूक त्यांनीच ते छापलं. भविष्य सांगणाऱ्याच्या वहीत असं पान नसतं.

त्या पानावरची दुसरी गोष्टही त्याच्या नजरेस आणून द्या. गुणक हा प्रकाशाच्या वेगासारखा एकदा मोजून ठेवायचा आकडा नाही. व्याजदर शून्याजवळ आहेत का, माणसं आणि यंत्रं रिकामी बसली आहेत का, पैसा कशावर जातोय, यावर तो हलतो. चांगल्या काळातला ०.५ ब्लांशार आणि ली यांना वाईट काळात दुप्पट-तिप्पट सापडला. तेव्हा दोन अभ्यासांची उत्तरं वेगळी आली, तर दर वेळी एक खोटं असतंच असं नाही. दोघांनी वेगळ्या काळात, वेगळ्या पैशाबद्दल विचारलेलं असू शकतं.

आणि मतभेद नेमका कुठे आहे तेही सांगा. शिकागो विद्यापीठाने २०१२ मध्ये वेगवेगळ्या विचारांच्या नामवंत अर्थतज्ज्ञांना विचारलं: कायदा नसता तर २०१० च्या अखेरीस बेरोजगारी जास्त असती का? सुमारे ८० टक्के ‘हो’ म्हणाले. मग विचारलं: पुढे भरावे लागणारे कर वगैरे सगळं धरून, फायदा खर्चापेक्षा जास्त ठरेल का? इथे ‘हो’ म्हणणारे निम्म्यापेक्षा कमी, आणि ‘सांगता येत नाही’ म्हणणारे बरेच. दिशेबद्दल बऱ्यापैकी एकमत, आकाराबद्दल मोठी शंका, आणि ‘परवडलं का’ याबद्दल खरा वाद. माझं स्वतःचं मतही याच पायरीवर थांबतं. खोल मंदीत, व्याजदर शून्याला टेकलेले असताना, सरकारी खर्चाने रोजगार वाढतो याबद्दल मला फारशी शंका नाही. किती, असं विचारलंत तर मी पल्ला सांगेन, एक आकडा सांगणार नाही.

वादविवादात गुण असे द्या. आकड्यांना गुण जरूर द्या, पण नुसत्या आकड्याला नको. ‘३५ लाख’ म्हणणाऱ्याला विचारा, हा आधीचा अंदाज, पैसा घेणाऱ्यांनी कळवलेल्या नोंदींची बेरीज की नंतरची तुलना? नोकऱ्या की नोकरी-वर्षं? कशाच्या तुलनेत जास्त? जो सांगू शकेल त्याला गुण, मग तो कोणत्याही बाजूने बोलत असो. ‘१४ ते ३३ लाख’ असा पल्ला सांगणाऱ्याला ‘२३ लाख’ म्हणणाऱ्यापेक्षा जास्त गुण. बाजू कमकुवत होईल हे ठाऊक असूनही आपल्या आकड्याची मर्यादा जो स्वतःहून सांगेल, त्याला सर्वांत जास्त. आणि हे निकष मुलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती तयारीही तशी करतील.

ज्याने तुम्हाला अडवलं, त्या मुलाला वादविवादाच्या आधी एकदा फळ्याजवळ बोलवा. २००९ च्या टिपणातल्या दोन रेषा त्याला काढायला सांगा, एक कायद्यासह, एक कायद्याविना. मग तिसरी, प्रत्यक्ष बेरोजगारीची, १० टक्क्यांपर्यंत चढलेली, तीही त्याच्याच हाताने. त्यानंतर खडू परत घेऊ नका. कायदा झाला नसता तर ही तिसरी रेषा कुठून गेली असती, ती चौथी रेषा त्याला काढायला सांगा, आणि ती नेमकी तिथेच का काढली हे वर्गाला सांगू द्या.